पाच रुपयांची मेथी

डिसेंबरच्या मध्यावर नाशिकच्या बाजारात मेथीची जुडी पाच रुपयांवर येते. अंधार पडल्यावर गेलात तर दहाला तीन. पालक, शेपू, कांद्याची पात, कोथिंबीर, सगळ्यांची तीच गत. डॉक्टर ज्या पालेभाज्या रोज खा म्हणून सांगतात त्या कटिंग चहापेक्षा स्वस्त मिळत असतात, आणि तरी आठवड्यातून एकदा ताटात आल्या तर पुष्कळ झालं, अशी बहुतेक घरांची तऱ्हा. कारण शोधायला लांब जायला नको. जुडीची दोरी सोडायची. मुळं, माती, पिवळी पडलेली पानं, मधेच गवताची काडी. पाच माणसांना तीन जुड्या लागतात, कारण कढईबाहेर सांडणारी मेथी झाकण काढेपर्यंत मूठभर होते. तीन जुड्या नीट निवडायच्या म्हणजे पाऊण तास. मग तीन पाण्यांतून धुवायची, दर वेळी पातेल्याच्या तळाशी बोट फिरवून रेती लागते का पाहायचं, निथळत ठेवायची, चिरायची. पंधरा रुपयांत पाच जणांची भाजी झाली हे खरं. त्या पाऊण तासाचे पैसे मात्र कुणी धरलेले नसतात.

स्वस्त आणि पौष्टिक जेवणाचा विषय निघाला की मला आधी हा पाऊण तास दिसतो. मोड आलेली मटकी स्वस्त, पण तिला आदल्या दिवशीची आठवण लागते. बाजरी स्वस्त, पण भाकरी थापणारे हात लागतात. हुलगे स्वस्त, पण शिजायला वेळ घेतात. उलट जे झटपट होतं, म्हणजे पनीर, ब्रेड, पाकिटातले नूडल्स, तयार पराठे, ते महाग तरी असतं किंवा निकस तरी. पैसा आणि वेळ यांतलं काहीतरी एक मोजावंच लागतं. आमच्यासारख्या, दोघांनीही नोकरी करायची आणि महिनाअखेरीस खात्याकडे बघत बसायचं, अशा घरांत दोन्हींची चणचण असते. म्हणून आठवड्याचा बेत आधी ठरवायचा. हौस म्हणून नव्हे, दुसरा इलाज नाही म्हणून.

आठवड्याच्या जेवणाचे तयार तक्ते मी पुष्कळ पाहिले आहेत. सोमवारी पालक पनीर, मंगळवारी राजमा, बुधवारी मशरूम, गुरुवारी ब्रोकोली घालून काहीतरी. दिसायला सुंदर. पण तक्ता करणाऱ्याने पदार्थापासून सुरुवात केलेली असते आणि घर काही पदार्थापासून सुरू होत नाही. पिशवीत काय आलं, फ्रिजमध्ये काय मान टाकायला लागलं आहे, गिरणीतून दळण आणलं का आणि उद्या सकाळी साडेसहाला ओट्यापाशी कोण उभं राहणार, यावर घर चालतं. शिवाय सात दिवसांच्या सात भाज्या सात तऱ्हेच्या मसाल्यांसकट आणायच्या तर वाण्याचं बिल बघून भूक मरते.

रोज सकाळी ‘आज काय करू?’ असं विचारायचं आणि घरातल्या सगळ्यांनी ‘काहीही कर’ म्हणायचं, हा संवाद तर महाराष्ट्रात कोणत्या घरात होत नसेल? ‘काहीही’ म्हणणाऱ्याला वाटतं आपण सोय बघितली. प्रत्यक्षात विचार करायचं काम त्याने पुन्हा विचारणारीच्याच गळ्यात घातलेलं असतं. स्वयंपाक करण्यापेक्षा तो ठरवण्याचा शीण जास्त, हे मी शपथेवर सांगेन.

आमचा आठवडा बुधवारी सुरू होतो. पंचवटीत राहणाऱ्यांना त्याचं नवल वाटणार नाही. बुधवारी गंगेवर बाजार असतो. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, गोदावरी फक्त पत्त्यात आणि बातम्यांत.) पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी चढायला लागलं, की विक्रेते जमेल तिथे पाल टाकतात आणि मग तुमची नेहमीची मावशी शोधण्यात अर्धा तास जातो. एरवी ऑफिस सुटल्यावर मी थेट तिकडेच जाते. हातात यादी नसते. असते ती एवढीच आकडेमोड, की दोन पालेभाज्या, दोन लवकर खराब होणाऱ्या फळभाज्या, दोन टिकाऊ, आणि कांदा-बटाटा-लिंबू-मिरची-आलं. कोणती पालेभाजी, कोणती फळभाजी, हे बाजार ठरवतो. मेथी वीस रुपये असेल त्या आठवड्यात आम्ही माठ खातो, अंबाडी खातो, पोकळा खातो. मेथीच हवी असा आमच्या शरीराचा काही आग्रह नसतो.

घरी आल्यावर भाज्या खायचा क्रम त्यांच्या आयुष्यावर लागतो. पालेभाज्या बुधवारची रात्र आणि गुरुवार-शुक्रवार. मग गिलकी, दोडकी, भेंडी, वांगी. सोमवार उजाडेपर्यंत कोबी, दुधी, गाजर आणि डांगर एवढेच उरतात. डांगर म्हणजे लाल भोपळा, तो तर कापला नाही तर महिनाभर कोपऱ्यात बसून राहतो. मंगळवारी बहुधा भाजी नसतेच. त्या दिवशी पिठलं, किंवा कडधान्याची उसळ, किंवा वरणफळं. ज्या घरात मंगळवारी भाजी संपलेली असते त्या घरात फेकायलाही काही नसतं. आठवड्याच्या खर्चात माझ्या मते सगळ्यात मोठी बचत ही. भाव पाडून घेण्यात जे दोन-पाच रुपये वाचतात ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काळ्या पडलेल्या कोथिंबिरीत वाहून जातात.

भाव पाडण्यावरून एक. पाच रुपयांच्या जुडीवर मी घासाघीस करत नाही. नाशिकला पालेभाजीचा लिलाव शेकड्यावर होतो, म्हणजे शंभर जुड्यांचा एक भाव. शेकड्याला दोनशे-तीनशे रुपये मिळाले की काढणीची मजुरी आणि टेम्पोचं भाडं तरी सुटतं का, हा प्रश्न असतो. कोथिंबिरीच्या उभ्या वावरात मेंढ्या सोडल्याच्या बातम्या आमच्याकडे दर एक-दोन वर्षांनी येतात. माझ्या बजेटला जो आठवडा बरा जातो तो कुणाला तरी बुडवून गेलेला असतो, आणि याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. निदान आणखी दोन रुपये पाडून घेऊ नयेत एवढंच करते.

आता पौष्टिक म्हणजे किती, हे एकदा वजनात बघितलं पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित सूचना काढल्या. त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटाचा हिशेब आहे: भाज्या ४०० ग्रॅम, त्यांपैकी १०० ग्रॅम पालेभाजी, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. वाचायला साधं वाटतं. मी ते आमच्या पाच माणसांनी गुणलं. भाज्या आठवड्याला चौदा किलो. माझ्या दोन पिशव्या भरभरून दहा किलोच्या वर जात नाहीत आणि त्यात बटाटेही असतात. म्हणजे बाजारातून खांदा दुखेस्तोवर ओझं आणूनही आम्ही कमीच खातो. तेलाचं उलट. पाच जणांना महिन्याला चार किलोच्या आसपास तेल-तूप पुरायला हवं. माझ्या घरात किती येतं ते सांगत नाही. एवढंच सांगते की फोडणीचा चमचा बदलला. आधी डावानं तेल ओतायचो, आता पोह्यांच्या चमच्याने.

डाळींचा आकडा सगळ्यात उपयोगाचा निघाला. ८५ ग्रॅम म्हणजे मोठी मूठभर कोरडी डाळ किंवा कडधान्य, प्रत्येकी, रोज. पाच जणांच्या वरणाला आम्ही एक वाटी तूरडाळ लावतो. ती वाटी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची. म्हणजे माणशी पस्तीस ग्रॅम, आणि वरण पातळ आवडणाऱ्या घरात पोटात जातं ते बरंचसं हळदीचं पाणी. वरण-भात खाल्ला म्हणजे प्रथिनं झाली, हा आपला मोठा गैरसमज आहे. आमच्याकडे त्यावर उपाय एकच झाला: दिवसातून दोन्ही जेवणांत कडधान्य किंवा डाळ कुठल्या तरी रूपात हवी. सकाळी डब्यात उसळ असेल तर रात्री वरण. रात्री मुगाची खिचडी असेल तर डब्यात डाळ घातलेली कोबीची भाजी. दुधीत हरभरा डाळ, पालकात मूगडाळ आणि शेंगदाणे, गवारीत दाण्याचं कूट. तूरडाळ महाग झाली की मसूर. मसुराच्या आमटीला घरात सुरुवातीला नाकं मुरडली गेली. चिंच-गूळ नीट पडल्यावर आता कुणी विचारत नाही कसली म्हणून.

खिचडीवरून आठवलं. सरकारी शाळांच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब. शेकडो पोरांचा स्वयंपाक तराजूवर करणाऱ्या त्या बायकांना आठवड्याच्या नियोजनाबद्दल कुणी लेख लिहायला सांगत नाही, खरं तर त्यांनीच लिहायला हवा. पाचाला एक हे तिथलं प्रमाण. घरात आपल्या हातात आहे, तर मी दोन वाट्या तांदळाला एक वाटी सालाची मूगडाळ घेते. मुलं ‘खिचडी पिवळी नाही, हिरवी आहे’ म्हणतात. असू दे.

कडधान्याचं खरं काम रात्री असतं. जेवणं उरकल्यावर ओटा पुसायच्या आधी उद्याचं भिजत पडलं पाहिजे, नाहीतर उद्या नाइलाजाने बटाटा. हरभरा, वाटाणा, राजमा, हुलगा यांना रात्रभर. चवळी आणि मसूर विसरलात तरी सकाळी तास-दोन तासांत भागतं. मटकीला दोन रात्री हव्यात: पहिल्या रात्री भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची, दुसऱ्या सकाळी मोड. निफाडला पारा तीन-चार अंशांवर गेल्याची बातमी आली की आमच्याकडेही मोड रुसतात. मग कोमट पाण्यात भिजवायचं, पुरचुंडी डब्यात, डबा टॉवेलात आणि टॉवेल बंद कपाटात. इतकं करून पहाटे झाकण उघडल्यावर जो एक कोवळा, किंचित आंबूस, ओल्या मातीचा वास येतो तो आला की समजायचं जमलं. पांढरे कोंब एकमेकांत अडकून बसलेले असतात आणि फडक्याच्या विणीतून थोडे बाहेरही आलेले. फडकं ओढून काढू नये, उलटं करून पाण्यात धरावं, मोड तुटत नाहीत. हे मला आईंनी दाखवलं, म्हणजे सासूबाईंनी.

आईंचं माहेर खानदेशातलं. १९७२च्या दुष्काळात त्या शाळेत होत्या. रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी या दोन गोष्टी त्या अजून काढतात. सुकडीबद्दल प्रेमाने, मिलोबद्दल तोंड वाकडं करून. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं तेव्हा टीव्हीवर ज्वारी-बाजरी-नाचणीचं कौतुक चाललेलं बघून त्या म्हणाल्या, “आम्ही गरीब होतो म्हणून भाकरी खायचो आणि पाहुणा आला की गव्हाची पोळी करायचो. आता पोळी रोजची आणि भाकरी पाहुण्याला. चालू दे.” त्यात अतिशयोक्ती नाही. चांगली दगडी ज्वारी आज गव्हापेक्षा महाग मिळते. तेव्हा ‘भरडधान्य खा, स्वस्त आणि मस्त’ हा सल्ला देणाऱ्याने एकदा वाण्याकडे जाऊन यावं. आमच्या घरात म्हणून गहू रोजचा, बाजरी थंडीत आणि ज्वारी आठवड्यातून तीनदा, तीही रात्री, कारण सकाळी भाकऱ्या थापायला कुणाला सवड नसते.

पण आईंकडून घ्यायची खरी गोष्ट म्हणजे कळणा. ज्वारीत अख्खे काळे उडीद, थोडं मीठ, कुणी मेथीदाणे घालतं, आणि एकत्र दळून आणायचं. या पिठाची भाकरी थापताना उडदाच्या चिकटपणामुळे तुटत नाही, म्हणजे माझ्यासारखीच्या हातूनही गोल होते. वर शेंगदाण्याचं तेल आणि ठेचा. भाजी नसली तरी जेवण होतं. यामागचं शास्त्र असं, की ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले की प्रथिनं जास्त चांगल्या प्रतीची होतात. खानदेशातल्या बायकांनी ते जात्यावरच उरकून टाकलं. माझ्या दृष्टीने त्यात आणखी एक सोय आहे. रोज आठवण ठेवून डाळ घालायला नको. महिन्यातून दोनदा गिरणीत गेलं की पिठातच ती बसलेली असते. भाजणीचंही तेच. भाजणी भाजून दळून डब्यात असेल तर संध्याकाळी सातला कुणीही थालीपीठ लावू शकतं, आणि हे ‘कुणीही’ फार महत्त्वाचं आहे.

बाजरीचं पीठ मात्र साठवू नये. आठ-दहा दिवसांत कडू होतं. थोडं थोडं दळून आणायचं.

मुलगी नववीत गेली तेव्हापासून बाजरीकडे आमचं जास्त लक्ष गेलं. शाळेतल्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं. नवल काहीच नव्हतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या संपवल्याच, पण आहाराचं विचारल्यावर त्यांनी सांगितलेलं काम फुकटातलं होतं. जेवणाबरोबर लिंबू पिळा, आणि जेवणानंतर तासभर चहा नको. वनस्पतींतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, चहातलं टॅनिन त्याला अडवतं. बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. प्रौढ स्त्रीची रोजची गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २९ मिलिग्रॅम धरली आहे. तेव्हा दोन भाकऱ्या खाऊन काम झालं असं नाही. भाकरी, हुलग्याचं माडगं, पालेभाजी, लाडवात अळीव, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, असं चारी बाजूंनी जमवावं लागतं. जेवणानंतरचा चहा सोडणं मुलीला सोपं गेलं. आईंना आणि मला नाही. आम्ही वेळ पुढे ढकलत साडेतीनवर आणली आहे.

तर हे सगळं करायचं म्हणजे ते पाऊण-पाऊण तास. ते कुठून आणायचे? बराच काळ ते माझ्यातून आणि आईंमधून निघत होते. मग आईंचे गुडघे बोलायला लागले, त्यांना जमिनीवर बसून निवडता येईना, आणि माझी घरी यायची वेळ सातवर गेली. त्यावर्षी आमच्याकडे पालेभाजी जवळपास बंद झाली. भाव तेच, बाजार तोच, पिशवी तीच. निवडणारं कुणी नव्हतं, एवढंच. सोललेला लसूण, निवडलेली मेथी, मोड आलेली कडधान्यं आजकाल पाकिटात मिळतात. मी घेऊन पाहिली. पाच रुपयांची मेथी तिथे चाळीसला होती. त्यातले पस्तीस रुपये त्या पाऊण तासाचे, हे मला रास्तच वाटतं. बाईच्या श्रमाला कुठे तरी भाव लागला म्हणायचा. फक्त रोज परवडणारा नाही.

तेव्हा फ्रिजवरच्या कागदाचं स्वरूप बदललं. आधी त्यावर वार आणि पदार्थ असायचे. आता वार, पदार्थ, ‘रात्री काय भिजत’ आणि ‘निवडणार कोण’ असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात माझं नाव कमीत कमी यावं अशी माझी खटपट असते. बुधवारी रात्री बातम्या बघताना नवरा मेथी निवडतो. पहिल्यांदा बसला तेव्हा एकेक पान खुडत होता, दोन्ही बाजूंनी बघत होता. आई म्हणाल्या, “अरे, कोवळे देठ घे की! पत्रिका जुळवतो आहेस का?” आता जुडी हातात धरून मुळं सपकन कापतो आणि देठासकट निवडतो. त्याची मेथी थोडी जून लागते. मी काही बोलत नाही. मुलाकडे कोथिंबीर, शेंगा सोलणं आणि रात्रीचं भिजत घालणं. भिजत घालायला विसरला तर दुसऱ्या दिवशीचा बटाटा त्याच्या नावावर लागतो आणि ताई त्याला जेवताना ऐकवते, त्यामुळे तो सहसा विसरत नाही. मुलगी कुकर लावते: खाली पाणी, एका डब्यात भात, एकात डाळ, वर झाकणीत बटाटे किंवा डांगर. एका शिट्टीच्या गॅसवर तीन कामं.

आणि आठवड्यातून एकदा पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येतात. बचत गटाच्या बायका चालवतात, नगावर मिळतात, गरम असतात. सुरुवातीला आईंना ते पटलं नव्हतं. “घरात दोन बायका असताना विकतची पोळी?” मी म्हटलं, घरात दोन पुरुषही आहेत. पुढे तो विषय त्यांनी काढला नाही, आणि आता गुरुवारी पोळ्या यायला उशीर झाला तर त्याच फोन करायला लावतात.

उपवासांचं एक वेगळंच गणित. एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, नवरात्र. साबुदाण्याची खिचडी मला आवडते पण साबुदाण्यात स्टार्च सोडलं तर फारसं काही नसतं, शिवाय दुपारी झोप येते. आमच्याकडे उपवासाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. नाशकात भगरीच्या गिरण्या असल्याने ती इथे घरचीच. भगर हे धान्य आणि शेंगदाणा हा खरा डाळींचा भाऊबंद, म्हणजे उपवासाच्या नावाखाली वरण-भातच झाला म्हणा. देवाला चालतो.

महागाईच्या आठवड्यांसाठी कागदाच्या मागच्या बाजूला एक यादी आहे. २०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरच्या पुढे गेले तेव्हा ती केली. ज्या जिल्ह्यात भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ शेतकऱ्यांवर येते त्याच जिल्ह्यात आम्ही ते नगावर घेत होतो. टोमॅटो काय करतो? आंबटपणा देतो आणि रस दाटसर करतो. आंबटाला चिंच, आमसूल, दही, कैरी, चुका. दाटपणाला दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, भाजलेलं बेसन. आपल्या आज्या-पणज्यांच्या रश्शात टोमॅटो कुठे होता? कांदा महागला की पात, नाहीतर कोबी बारीक चिरून. लिंबू उन्हाळ्यात दहाला दोन झालं की मुलीच्या भाकरीवर कैरी किसायची. क जीवनसत्त्व कुठलंही चालतं.

फेकायचं नाही याबाबतीत आई आमच्या सगळ्यांच्या पुढे. दोडक्याच्या शिरा तीळ घालून खमंग परतायच्या, ती चटणी. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. मुळ्याचा पाला डाळ घालून. फ्लॉवरचा दांडा सोलून सांबारात. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी, उरलेलं वरण पिठात मळून त्याचे पराठे. माझ्या मते यातल्या काही गोष्टींना मर्यादा असावी. कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी त्यांनी एकदा केली होती. चव बरी होती, पण त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे बघून तो प्रयोग यादीत गेला नाही.

सध्या वाद चालू आहे तो कोंबडीचा. आमच्याकडे अंडी आठवड्यातून तीन दिवस आणि चिकन रविवारी, हे ठरलेलं. आता मार्गशीर्ष लागणार. आईंचे गुरुवार असतात आणि त्या महिन्यात घरात सामिष शिजू नये असं त्यांना वाटतं. मुलाचं म्हणणं, रविवार म्हणजे काही गुरुवार नव्हे. नवऱ्याने तोडगा काढला की महिनाभर चिकन बाहेर खाऊ. ते ऐकून मी खर्चाचा आकडा काढून दाखवला, आणि तो तोडगा मागे घेतला गेला. चार रविवारांच्या चौकोनांत तूर्तास मी पेन्सिलीने ‘फुणके-कढी’ लिहून ठेवलं आहे. फुणक्यांना, म्हणजे डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांना, डाळ वाटायला लागते. ‘निवडणार कोण’च्या खाली ‘वाटणार कोण’ असा नवा रकाना आखून तो मुलासमोर ठेवला, तर तो विचारात पडला आहे.